गच्चीवरून सुपरनोव्हा आणि रूपविकारी तारे: एका विद्यार्थ्याच्या प्रश्नांचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडे ६ इंची परावर्ती दुर्बीण आणि १० बाय ५० ची द्विनेत्री आहे. घराच्या गच्चीवरून सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन एकाएकी प्रचंड उजळणारा तारा, शोधता येईल का, उत्तर मुकुट या तारकासमूहातला टी हा तारा भडकला तर तो कसा ओळखावा, आणि एखाद्या दीर्घिकेच्या छायाचित्रात जादा ठिपका आढळला तर तो कोणाला व कसा कळवावा, असे त्याने विचारले आहे. शेवटी एक तक्रारही जोडली आहे: "दोन महिने रोज वेगवेगळ्या दीर्घिका पाहतो आहे, पण कुठेच काही घडत नाही."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गच्चीवरून सुपरनोव्हा दिसू शकतो आणि त्याची उपयुक्त नोंदही करता येते. तो जगात सर्वांत आधी तुम्हालाच सापडेल, ही शक्यता मात्र आता फार थोडी उरली आहे. झेडटीएफ, ॲटलास, असासन यांसारखे स्वयंचलित सर्वेक्षण प्रकल्प आकाशाचा मोठा भाग पुनःपुन्हा टिपत असतात आणि तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्यापेक्षा शेकडो पटींनी मंद असलेले ठिपके पकडतात. शोधाचे श्रेय हेच उद्दिष्ट ठेवून या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही यंत्रांच्या हातून ठळक गोष्टी निसटतात, हेही खरे. २१ जानेवारी २०१४ रोजी लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी हे विद्यार्थ्यांना दुर्बीण हाताळायला शिकवत होते. ढग चढू लागले म्हणून त्यांनी घाईने एम ८२ ही तेजस्वी दीर्घिका लावली आणि तिच्यात एक अनोळखी तारा दिसला. तोच एसएन २०१४ जे. त्यापूर्वी जवळजवळ आठवडाभर तो इतरांच्या छायाचित्रांत उमटलेला होता, पण कोणाच्या लक्षात आला नव्हता. फॉसी यांना एम ८२ नेहमी कशी दिसते हे ठाऊक होते, म्हणून तो तिथल्या तिथे ओळखला गेला.

तुमच्या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत शंभर वर्षांत सरासरी दोनेक सुपरनोव्हा होतात. रोज नवी दीर्घिका पाहणाऱ्याला त्या रात्री तिथे सुपरनोव्हा असला तरी तो ओळखता येणार नाही, कारण आधीचे चित्र त्याच्याकडे नसते. गल्लीतली रोजची माणसे ज्याला ठाऊक असतात त्यालाच त्यात आलेला परका चटकन दिसतो. ऑस्ट्रेलियातील धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांनी दुर्बिणीला नुसता डोळा लावून ४० हून अधिक सुपरनोव्हा शोधले, ते शेकडो दीर्घिकांभोवतालच्या ताऱ्यांची मांडणी त्यांना तोंडपाठ होती म्हणून. शेकड्यांची गोष्ट सोडा. तुम्ही दहा-बारा दीर्घिका आणि सात-आठ तारे निवडा आणि वर्षभर त्यांनाच धरून राहा. 'अचानक' म्हणजे काय, हे त्यांच्या रोजच्या स्थितीवरूनच कळेल.

दुर्बीण बाजूला ठेवून आधी नुसत्या डोळ्यांनी हे काम करून पाहावे. उन्हाळ्यात संध्याकाळी दक्षिण-पूर्वेला वृश्चिक वर आला की ज्येष्ठेच्या पुढे अनुराधा नक्षत्राचे तीन तारे एका वाकड्या ओळीत दिसतात. त्यांतला मधला तारा, म्हणजे डेल्टा स्कॉर्पाय, हा कितीतरी वर्षे २.३ प्रतीचा मानला जात होता. (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी.) जून २००० मध्ये अर्जेंटिनाचे निरीक्षक सेबास्टियन ओटेरो यांना तो नेहमीपेक्षा साधारण एक दशांश प्रतीने उजळ वाटला. पुढे तो वाढत जाऊन १.६ च्या आसपास पोहोचला आणि वृश्चिकाच्या डोक्याचे परिचित रूपच बदलले. हा अतिशय वेगाने फिरणारा तारा स्वतःभोवती वायूची तबकडी सोडतो, आणि साधारण पावणेअकरा वर्षांच्या लांबट कक्षेत फिरणारा एक जोडीदार दर फेरीत त्याच्या अगदी जवळ येऊन जातो. २००० साल हे अशाच एका भेटीचे होते. हा बदल ओळखायला कोणतेही उपकरण लागले नाही. शेजारचे तारे किती प्रतीचे आहेत हे डोळ्यांना पक्के माहीत असणे तेवढे लागले. लोकमान्य नगरातून, आसपासच्या दिव्यांसह, हे तिन्ही तारे दिसतात.

अंदाज घेण्याची पद्धत एका उदाहरणाने सांगतो, कारण चुका बहुतेक इथेच होतात. मृगातला तांबूस तारा काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, घ्या. त्याच्यापेक्षा उजळ असा एक आणि मंद असा एक स्थिर तारा निवडायचा: प्रश्वा ०.४ प्रतीचा आणि रोहिणी ०.९ प्रतीची. (रोहिणी स्वतः किंचित बदलते, पण सुरुवातीला चालते, शिवाय ती रंगाने काक्षीला जवळची आहे.) या दोघांतल्या अंतराचे मनात पाच भाग पाडायचे आणि काक्षी त्यांत कुठे बसतो ते ठरवायचे. प्रश्वापासून दोन भाग आणि रोहिणीपासून तीन भाग दूर वाटला, तर त्याची प्रत ०.६. डोळ्याने घेतलेल्या अंदाजात एक-दोन दशांशांचा फरक पडणारच आणि त्याची खंत करू नये. अनेक निरीक्षकांचे अंदाज एकत्र आले की त्यातून नीट तेजोवक्र, म्हणजे काळानुसार तेज कसे बदलले याचा आलेख, तयार होतो.

खरी अडचण उंचीची असते. जानेवारीत संध्याकाळी काक्षी पूर्वेला ४५ अंशांवर आलेला असतो तेव्हा इंदूरहून प्रश्वा जेमतेम २० अंशांवर असतो. त्याचा प्रकाश हवेच्या दुपटीहून जाड थरातून येत असल्यामुळे तो काक्षीच्या तुलनेत तीन-चार दशांश प्रत मंद दिसतो, आणि परिणामी काक्षी वाजवीपेक्षा तेजस्वी ठरतो. हिवाळ्यातली धूळ आणि धूर धरले तर फरक आणखी वाढतो. म्हणून घाई न करता दोन्ही तारे सारख्या उंचीवर येईपर्यंत थांबावे. फेब्रुवारीच्या मध्यावर ही वेळ रात्री साडेनऊच्या सुमारास येते, आणि तेव्हा रोहिणीही पुरेशी वर असते. दुसरे पथ्य तांबड्या ताऱ्यांसाठी: त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, कारण डोळा जितका वेळ स्थिरावतो तितका तांबडा तारा अधिकाधिक उजळ भासू लागतो. झटकन एक दृष्टिक्षेप, मग तुलनाताऱ्याकडे, मग परत, असे करावे. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त मोडले जाणारे आहे: स्वतःचा अंदाज वहीत लिहून होईपर्यंत इतरांचे आकडे किंवा आपलीच मागची नोंद पाहू नये. काल ०.६ लिहिले आहे हे डोळ्यांसमोर असेल तर आजही ०.६ च दिसते.

काक्षीविषयी जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. २०१९ च्या अखेरीपासून तो मंदावत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ च्या आसपास, म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्याच्या ताऱ्याइतका उतरला. तेव्हा 'आता स्फोट होणार' अशा बातम्यांना ऊत आला होता. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ बनून तिने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला आणि पृष्ठभागाचा काही भागही थंडावला होता, असे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. तो कधीतरी सुपरनोव्हा होईल यात शंका नाही. पण त्यासाठी लागणारा काळ हजारो वर्षांच्या हिशेबात सांगतात, आठवड्यांच्या नव्हे. एखादी वाहिनी तारीख सांगू लागली तर दुर्लक्ष करावे.

आता टी कोरोनी बोरिॲलिस, म्हणजे उत्तर मुकुटातला टी. हा सुपरनोव्हा नव्हे, पुनरावर्ती नवतारा आहे. साधारण २२७ दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीत एक लाल महाकाय तारा आणि एक श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा) आहे. महाकायाकडून आलेला हायड्रोजन श्वेतबटूच्या पृष्ठभागावर साठत जातो, दाब आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की तो थर अणुसंमीलनाने एकाएकी पेटतो, पण खालचा तारा शाबूत राहतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा १२ मे १८६६ रोजी आयर्लंडमध्ये जॉन बर्मिंगहॅम यांना दुसऱ्या प्रतीचा दिसला, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो पुन्हा भडकला. मधले अंतर सुमारे ८० वर्षांचे. तोच हिशेब पुढे धरला तर २०२६ येते. काही अभ्यासकांनी त्याच्या तेजातल्या बारीक बदलांवरून २०२४ चे भाकीत केले होते, ते वर्ष तसेच निघून गेले. दोन स्फोटांवरून काढलेल्या वेळापत्रकावर फार विसंबू नये.

तो कुठे पाहायचा हे मात्र पक्के ठाऊक हवे. भूतप तारकासमूहातल्या स्वातीच्या पूर्वेला उत्तर मुकुटाचे अर्धवर्तुळ आहे. त्यातला सर्वांत ठळक तारा अल्फा, २.२ प्रतीचा. अर्धवर्तुळाच्या पूर्वेकडच्या टोकाशी ४.१ प्रतीचा एप्सिलॉन आहे, आणि त्याच्या दक्षिणेला, थोडासा पूर्वेकडे सरकून, एका अंशाहून किंचित जास्त अंतरावर टी आहे. सध्याच्या स्थितीत तो शहरातून द्विनेत्रीत दिसणार नाही. ६ इंची दुर्बिणीत दिसेल. त्याची नेहमीची जागा एकदा दुर्बिणीतून नकाशाशी ताडून ओळखून ठेवा आणि नंतरची रोजची पाहणी नुसत्या डोळ्यांनी करा, तिला अर्धा मिनिट पुरतो. उत्तर मुकुटात ज्या रात्री अल्फाच्या तोडीचा दुसरा तारा असेल, ती रात्र ओळखायला तज्ज्ञ लागणार नाही. इतर रात्री 'एप्सिलॉन दिसला, टी दिसला नाही, म्हणून टी ४.१ पेक्षा मंद' अशी नोंद वेळेसह करावी. न दिसल्याची ही नोंद निरुपयोगी नसते. स्फोट नेमका कोणत्या तासांत सुरू झाला हे ठरवताना त्याच्या आधीची शेवटची 'नाही' ही नोंद पहिल्या 'आहे' या नोंदीइतकीच तोलाची असते.

तो भडकला तर वेळ फार थोडा मिळेल. चढ काही तासांचा असतो, आणि मागच्या दोन्ही वेळा साधारण आठवडाभरात तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. पहिल्या रात्री दर पंधरा-वीस मिनिटांनी अंदाज घ्या. तुलनेसाठी मुकुटाचा अल्फा आणि भूतपाचा २.४ प्रतीचा एप्सिलॉन जवळच आहेत. अमेरिकेतील लेस्ली पेल्टिए यांनी १९२० पासून या ताऱ्यावर पंचवीस वर्षे पाळत ठेवली होती. फेब्रुवारी १९४६ च्या त्या पहाटे ते निरीक्षणासाठी उठले, सर्दीची कणकण वाटली म्हणून पुन्हा झोपले, आणि तारा नेमका तेव्हाच भडकला. एवढ्या जुन्या सवयीच्या माणसाचेही असे होते, म्हणून एका ताऱ्यावर एकाहून अधिक शहरांतल्या निरीक्षकांचे लक्ष असावे. तुमच्यासारखेच दोघे-तिघे ग्वाल्हेर, बडोदा, पुणे इथे असतील तर आपसांत रात्री वाटून घ्या.

इंदूरहून हा तारा माथ्यावरून जाताना खमध्याच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या) जेमतेम ३ अंश उत्तरेला असतो, म्हणजे जागा उत्तम. पण रात्री नऊच्या सुमारास तो तिथे येतो तो जुलैच्या पूर्वार्धात, ऐन आषाढात. शब-ए-माळव्याचे, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचे, कितीही कौतुक असले तरी जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या रात्री ढगांच्या असतात, आणि आकाशाला त्याची पर्वा नसते. एसएन २०११ एफई हा गेल्या काही दशकांतला सर्वांत जवळच्या सुपरनोव्हांपैकी एक २४ ऑगस्टला सापडला. धनिष्ठेजवळचा २०१३ चा नवतारा १४ ऑगस्टला. आणि भुजंगधारीतला पुनरावर्ती नवतारा आरएस ऑफ्युकाय २०२१ मध्ये ८ ऑगस्टला भडकून साडेचारच्या प्रतीपर्यंत गेला. तिन्ही घटना आपल्या पावसाळ्याच्या मध्यावर. ढगांत एखादी फट मिळाली तर त्या काळातली एकच नोंद डिसेंबरच्या दहा नोंदींपेक्षा जास्त कामाची ठरते, कारण भारतातून तेव्हा फारसे कोणी पाहू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात मोठी दुर्बीण झाकून ठेवली तरी द्विनेत्री हाताशी असू द्या. आपला खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. एप्रिलमध्ये गव्हाची कापणी झाली की नरवाई (शेतात उरलेले खुंट) जाळल्याचा धूर क्षितिजालगतचे तीस अंश खाऊन टाकतो.

अक्षांशाची मर्यादाही लक्षात असू द्या. १९८७ साली फेब्रुवारीत सापडलेला एसएन १९८७ ए नुसत्या डोळ्यांना दिसत होता, पण तो ६९ अंश दक्षिण क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या ६९ अंश दक्षिणेला) होता, आणि इंदूरच्या क्षितिजावर सुमारे ६७ अंशांपलीकडचे काही उगवतच नाही.

सुपरनोव्हाचा आवाका किती, हे थोड्या गणिताने कळते. श्वेतबटूचा संपूर्ण स्फोट होतो तो पहिल्या ए प्रकारचा सुपरनोव्हा ऐन भरात साधारण उणे १९.३ या निरपेक्ष प्रतीला (सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर मानून काढलेल्या प्रतीला) पोहोचतो. कन्या समूहातील दीर्घिका साधारण ५.४ कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत. वाटेत धूळ नसेल तर तिथला असा स्फोट आपल्याला बाराव्या प्रतीचा दिसेल. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून होणारा स्फोट बहुधा याहून दोनेक प्रती मंद असतो, म्हणजे चौदावी प्रत. तुमच्या ६ इंची दुर्बिणीतून चांगल्या अंधारात तेराव्या प्रतीपर्यंत पोहोचता येते, शहरातून त्याहून प्रत-दीड प्रत कमी. याचा अर्थ असा की डोळ्याने पाहायचे तर कन्या समूहातला पहिल्या प्रकारचा स्फोट तुमच्या सीमेवर आहे, आणि आरामात दिसण्यासारखे ते त्याहून जवळच्या मोजक्या दीर्घिकांतले. कॅमेरा जोडल्यास सीमा बरीच पुढे सरकते.

गच्चीवाल्यांना धीर देणारी एक गोष्ट आहे, जी नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांनी एम १०१ मध्ये एसएन २०२३ आयएक्सएफ शोधला. सापडला तेव्हा तो १४.९ प्रतीचा होता आणि पाच-सहा दिवसांत ११ च्या आसपास चढला. एम १०१ ही पसरट, फिकी दीर्घिका शहरातून सहा इंचीत दिसतच नाही म्हटले तरी चालेल, कारण तिचा सगळा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पातळ झालेला असतो आणि शहराच्या उजेडात तो बुडतो. सुपरनोव्हा मात्र बिंदू असतो. भिंग बदलून विवर्धन वाढवले की पार्श्वभूमी काळवंडते आणि बिंदू तसाच राहतो. म्हणून नकाशावरून नेमक्या जागी दुर्बीण लावली तर दीर्घिका दिसत नसतानाही तिच्यातला अकराव्या प्रतीचा सुपरनोव्हा शहरातून दिसतो. मे महिन्यात ती दीर्घिका इंदूरहून ५८ अंशांपर्यंत वर येते आणि पावसाला अजून अवकाश असतो. पुढच्या वेळी 'शहरातून काय दिसणार' म्हणून बसून राहू नका.

कोणत्या दीर्घिका धराव्यात? दसऱ्यानंतर संध्याकाळी हंस आणि वृषपर्वा यांच्या सीमेवरची एनजीसी ६९४६ अवश्य घ्या; १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिच्यात दहा स्फोट नोंदले गेले आहेत. हिवाळ्यात एनजीसी २४०३, नंतर एम ८१ आणि एम ८२, फाल्गुनापासून सिंहातल्या एम ६५ व एम ६६, मग एम ५१, एम १०१ आणि कन्येतली एम ६१. यांतल्या उत्तरेकडच्या दीर्घिकांसाठी महूपलीकडे जानापावच्या टेकडीवर जाणे फारसे उपयोगाचे नाही, हे आधीच सांगतो. तिथून दक्षिणेचे, निमाडाकडे उतरणारे आकाश सुरेख काळे मिळते, पण उत्तरेकडे पिथमपूर आणि इंदूरचा उजेड असतो, आणि एम ८२ इंदूरच्या अक्षांशावर उत्तरेला ४३ अंशांच्या वर कधीच जात नाही. तिच्यासाठी शहराच्या उत्तरेला, उज्जैनच्याही पुढे गेलात तर शहराचा उजेड पाठीमागे राहील.

आता जादा ठिपक्याचा प्रश्न. ठिपका दिसला की पहिले काम म्हणजे त्याच जागेचे दुसरे छायाचित्र, दुर्बीण किंचित हलवून. कॅमेऱ्यातला दोष असेल तर ठिपका ताऱ्यांबरोबर न सरकता चौकटीतल्या जागीच राहील. दुसरे काम अर्ध्या तासाने तिसरे छायाचित्र घेणे. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण अर्धी कलाभर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात त्याची हालचाल सहज पकडता येते. एम ६५, एम ६६ आणि कन्येतल्या दीर्घिका क्रांतिवृत्तापासून (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गापासून) फार दूर नाहीत, तिथे लघुग्रहांची वर्दळ असते, आणि म्हणून तिथे ही पायरी कधीही वगळू नये. एम ८२ कडे हा धोका बराच कमी. लघुग्रह त्या वेळी कुठे होते हे मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी सोयीवर पाहता येते, आणि ज्ञात रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे एएव्हीएसओ या अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या सूचीत मिळतात.

तिसरी पायरी जुन्या छायाचित्रांची. तुमच्याकडे त्याच दुर्बिणीने, तेवढ्याच उद्भासनाचे (कॅमेऱ्याने तेवढाच वेळ प्रकाश घेतलेले) आधीचे छायाचित्र असेल तर त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. नसेल तर डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे हा आकाशाच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह पाहा. एम १०१ च्या भुजांत चमकदार वायुमेघांचे गोळे आहेत, इतके ठळक की त्यांना एनजीसी या आकाशस्थ पिंडांच्या सूचीत स्वतंत्र क्रमांक आहेत. लहान दुर्बिणीच्या छायाचित्रात ते ताऱ्यासारखे दिसतात आणि नवख्याला हमखास फसवतात. २०२३ चा सुपरनोव्हा अशाच एका गोळ्याच्या, एनजीसी ५४६१ च्या, शेजारी उगवला होता. याच्या उलट फसगतही होते: छायाचित्र उजळ करण्याच्या नादात दीर्घिकेचा गाभा पांढराफेक पडतो आणि त्यालगतचा खरा सुपरनोव्हा त्यात गडप होतो. म्हणून प्रत्येक वेळी एक छायाचित्र कमी उद्भासनाचे ठेवा.

हे सगळे अनावश्यक वाटत असेल तर एक घटना ऐका. मार्च २०१८ मध्ये एका व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने धनू राशीत अतिशय तेजस्वी नवा पिंड दिसल्याची तातडीची सूचना जगभर पाठवली. तो मंगळ होता. सूचना त्यांनी लगेच मागे घेतली आणि लोकांनी ती थट्टेवारी नेली, पण नवख्या हौशी निरीक्षकाला पहिल्याच वेळी असा अनुभव आला तर तो पुन्हा काही कळवायला धजत नाही.

सर्व पायऱ्या पार झाल्या की कळवण्याची जागा ठरलेली आहे. दीर्घिकेतल्या संशयित सुपरनोव्हाची माहिती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर नोंदवतात. त्यासाठी खाते आधीच उघडून ठेवा, रात्री दोन वाजता ते करण्यात वेळ दवडू नका. नोंदीत अचूक स्थान, जागतिक वेळ, प्रत, उपकरण आणि त्या जागी आधी काही नव्हते याचा पुरावा लागतो. तिथे तुमच्या पिंडाला प्रथम एटी या अक्षरांनी सुरू होणारे नाव मिळते, आणि वर्णपटावरून खात्री झाल्यावरच एटी जाऊन एसएन येते. आकाशगंगेतल्या संभाव्य नवताऱ्यांसाठी सेंट्रल ब्यूरो फॉर ॲस्ट्रॉनॉमिकल टेलिग्राम्सचे पडताळणी पान आहे. रूपविकारी ताऱ्यांचे अंदाज १९११ मध्ये स्थापन झालेल्या एएव्हीएसओकडे पाठवावेत. ती निरीक्षकाला एक संकेताक्षर देते आणि ताऱ्यांचे नकाशे विनामूल्य पुरवते. त्या नकाशांत तुलनाताऱ्यांच्या प्रतींमधला दशांश बिंदू गाळलेला असतो, म्हणजे ५.८ ऐवजी ५८ छापलेले असते, कारण बिंदू छापला तर तो तारा समजला जाईल.

या कामात भारतीयांचा वाटा जुना आहे. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली या ताऱ्याचे रूपविकारित्व शोधले. बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी ३ इंची दुर्बिणीने सुरुवात केली. त्यांचे काम पाहून एएव्हीएसओने त्यांना अमेरिकेहून ६ इंची दुर्बीण पाठवली, आणि त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. तीच दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आली. तुमच्या दुर्बिणीचा आरसाही त्या दुर्बिणीच्या भिंगाएवढाच आहे.

राहिला वेळेचा हिशेब, ज्यात भारतातल्या नोंदींचा सर्वाधिक घोटाळा होतो. नोंदी ज्युलियन दिनांकात, म्हणजे महिने-वर्षे न धरता केलेल्या दिवसांच्या सलग मोजणीत, द्यायच्या असतात आणि तो दिवस जागतिक वेळेनुसार दुपारी बाराला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो. हे आपल्या सोयीचेच आहे, कारण अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते आणि मध्यरात्री तारीख बदलण्याची भानगड राहत नाही. साडेपाचपासून किती तास झाले ते मोजा आणि २४ ने भागा: रात्री ९ वाजून ४२ मिनिटांची नोंद म्हणजे ४ तास १२ मिनिटे, ४.२ भागिले २४, म्हणजे ०.१७५. हा अपूर्णांक त्या दिवसाच्या ज्युलियन आकड्याला जोडायचा. वहीत मात्र घड्याळातली वेळच लिहा, शेजारी 'भाप्रवे' (भारतीय प्रमाण वेळ) असे लिहून. रूपांतर सकाळी उजेडात करावे. हंसातल्या एसएस सिग्नायसारखे तारे, जे बाराव्या प्रतीवरून एका दिवसात आठव्या-नवव्या प्रतीकडे झेपावतात आणि साधारण दर पन्नास दिवसांनी तसे करतात, त्यांच्या नोंदीत साडेपाच तासांची चूक झाली तर चढाचा सगळा भाग चुकीच्या जागी जातो. दसऱ्यानंतर तुमच्या यादीत पहिला तारा हाच ठेवा. हंस तेव्हा संध्याकाळी पश्चिमेकडे कललेला पण चांगला वर असतो, आणि महिना-दोन महिन्यांत एक तरी उसळी तुमच्या पदरात पडेल.